वाढती ऊर्जाबिले आणि नोव्हायचे मराठी घर : दर, वापर व बचत यांचा हिशेब

डेट्रॉइटच्या वायव्येस ओकलंड कौंटीत वसलेल्या नोव्हाय शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ६६,२४३ असून तीत आशियाई वंशाच्या रहिवाशांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. वाहननिर्मिती, सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्या आणि माहिती तंत्रज्ञान या क्षेत्रांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्याही मोठी आहे. पुण्यातील दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेतून आलेल्या कुटुंबाला येथे बेसमेंट, अॅटिक आणि दोन गाड्यांचे गॅरेज असलेले दुमजली घर मिळते. त्या घराबरोबर पाच महिन्यांचा हिवाळाही येतो. पगाराच्या हिशेबात गृहकर्जाचा हप्ता प्रथम धरला जातो. वीज, गॅस, पाणी, घरपट्टी आणि विमा यांचा भार पहिले वर्ष सरल्यावरच नीट ध्यानात येतो.

हा भार गेल्या काही वर्षांत वाढत गेला आहे. अशा वेळी प्रत्येक घरात काटकसरीची सुरुवात दिवे बंद करण्यापासून होते आणि बहुधा तेथेच थांबते. प्रत्यक्षात बिलातील काही रकमा कुटुंबाच्या हातात असतात, काही नसतात. काही उपायांनी महिन्याला एखादा डॉलर वाचतो, काहींनी हिवाळ्याच्या बिलाचा सहावा हिस्सा. हा फरक समजून घेऊन क्रम लावला, तर खर्च आटोक्यात येतो आणि घरातील वृद्धांना किंवा लहान मुलांना थंडीत ठेवण्याची वेळ येत नाही.

दोन कंपन्या, दोन ऋतू

नोव्हायमध्ये वीज डीटीई एनर्जी या कंपनीकडून, तर नैसर्गिक वायू कन्झ्युमर्स एनर्जी या कंपनीकडून येतो. त्यामुळे घरात दोन स्वतंत्र बिले येतात आणि ती वर्षाच्या दोन टोकांना फुगतात. जानेवारी-फेब्रुवारीत गॅसचे बिल शिखरावर असते, कारण मिशिगनमधील सुमारे तीन चतुर्थांश घरे गॅसवर तापविली जातात. जुलै-ऑगस्टमध्ये वातानुकूलनामुळे विजेचे बिल चढते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत दोन्ही बिले कमी असतात. एका महिन्याच्या बिलाची तुलना मागच्या महिन्याशी करणे म्हणूनच निरर्थक आहे. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, आणि डॉलरपेक्षा आधी वापराचे आकडे पाहावेत. वापर तेवढाच असून रक्कम वाढली असेल, तर कारण दरात आहे. वापर वाढला असेल, तर कारण हवामानात किंवा घरात शोधावे लागते.

अमेरिकेत घरगुती विजेचा सरासरी दर २०२४ मध्ये युनिटला सुमारे साडेसोळा सेंट होता. मिशिगनमध्ये तो एकोणीस सेंटांच्या आसपास होता. म्हणजे येथील कुटुंब देशाच्या सरासरीहून महाग वीज वापरते. गॅसच्या बाबतीत मिशिगनची स्थिती बरी आहे. भूगर्भात नैसर्गिक वायू साठविण्याची क्षमता या राज्यात देशात सर्वाधिक आहे. कंपन्या उन्हाळ्यात वायू विकत घेऊन साठवितात आणि हिवाळ्यात वापरतात, त्यामुळे बाजारातील अचानक चढउतारांचा तडाखा ग्राहकाला काहीसा सौम्य बसतो.

दर ठरतो कसा

महाराष्ट्रात वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवितो, त्याचप्रमाणे येथे मिशिगन पब्लिक सर्व्हिस कमिशन हा आयोग तो ठरवितो. लॅन्सिंग येथील या आयोगाचे तीन सदस्य राज्यपाल नेमतात. कंपनीने दरवाढीचा अर्ज केल्यावर दहा महिन्यांत निर्णय देणे आयोगावर कायद्याने बंधनकारक आहे. या काळात राज्याचे अॅटर्नी जनरल, मोठे औद्योगिक ग्राहक, पर्यावरण संघटना आणि २०१८ मध्ये स्थापन झालेले सिटिझन्स युटिलिटी बोर्ड ऑफ मिशिगन यांसारखे पक्ष अर्जातील आकड्यांना आव्हान देतात.

या विरोधाचा परिणाम आकड्यांत दिसतो. डीटीईने ३८ कोटी ८० लाख डॉलरची वार्षिक वाढ मागितली असता नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने जेमतेम ३ कोटी डॉलर मंजूर केले. पुढच्या अर्जात मागणी ६२ कोटी २० लाखांची होती. डिसेंबर २०२३ मध्ये ३६ कोटी ८० लाख मंजूर झाले. त्यानंतर ४५ कोटी ६० लाखांच्या मागणीवर जानेवारी २०२५ मध्ये सुमारे २१ कोटी ७० लाख मिळाले, आणि तीनच महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, कंपनीने ५७ कोटी ४० लाखांचा नवा अर्ज दाखल केला. जुने खांब, तारा व उपकेंद्रे बदलणे आणि तारांवर आलेली झाडे छाटणे ही कारणे या अर्जांत पुन्हा पुन्हा येतात. दरवाढ मागितल्यापेक्षा कमी मिळते, परंतु ती जवळजवळ दरवर्षी होते, हे घरगुती अंदाजपत्रक आखताना गृहीत धरलेले बरे.

यात अलीकडे डेटा सेंटरांचा प्रश्न जोडला गेला आहे. नोव्हायच्या नैऋत्येस असलेल्या सलाइन टाउनशिपमधील १.४ गिगावॉट क्षमतेच्या डेटा सेंटरसाठी डीटीईने केलेल्या वीजकरारांना आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये सशर्त मंजुरी दिली. एवढ्या मोठ्या ग्राहकामुळे जाळ्याचा स्थिर खर्च अधिक जणांत वाटला जाईल, असे कंपनी म्हणते. त्याच्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचा भार घरगुती ग्राहकांवर येईल, असे टीकाकार म्हणतात. अशा प्रकरणांत सामान्य ग्राहकालाही आयोगाकडे लेखी मत नोंदविता येते आणि सार्वजनिक सुनावणीत बोलता येते.

गॅसचे बिल दोन भागांचे असते. वायूची मूळ किंमत कंपनीने नफा न घेता ग्राहकाकडे पोहोचवायची असते. कंपनीचा नफा वहन व वितरणाच्या आकारात असतो. अमेरिकी बाजारात वायूची सरासरी किंमत २०२२ मध्ये दहा लाख बीटीयूमागे सहा डॉलरांहून अधिक होती, ती २०२४ मध्ये सव्वादोन डॉलरांच्या आसपास उतरली. तरीही अनेकांना बिल त्या प्रमाणात उतरलेले दिसले नाही, याचे एक कारण हा दुसरा भाग होय.

मिशिगनमध्ये घरगुती ग्राहकाला वायूचा पुरवठादार बदलता येतो. त्याचा फायदा घेऊन दारावर किंवा दूरध्वनीवर विक्रेते येतात. पुरवठादार बदलला तरी केवळ मूळ किंमत बदलते, वितरणाचा आकार तोच राहतो. विक्रेत्याने सांगितलेल्या दराची तुलना आयोगाच्या संकेतस्थळावरील तक्त्याशी करूनच निर्णय घ्यावा. दारावर आलेल्या माणसाच्या हाती बिल देऊ नये, कारण त्यावर खातेक्रमांक असतो.

स्लॅबकडून घड्याळाकडे

महावितरणच्या बिलाची सवय असलेल्या मराठी मनाला स्लॅब पाठ असतात: शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा. डीटीईचा घरगुती दरही मार्च २०२३ पर्यंत काहीसा तसाच होता. दिवसाला पहिल्या १७ युनिटांना कमी दर आणि पुढे अधिक. त्यानंतर बहुतेक घरगुती ग्राहकांना वेळेनुसार बदलणारा दर लागू झाला. सोमवार ते शुक्रवार दुपारी ३ ते सायंकाळी ७ हा महाग काळ आणि उरलेला सर्व वेळ, शनिवार-रविवारसह, स्वस्त काळ. महाराष्ट्रातही २०२५ पासून स्मार्ट मीटर बसविलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली आहे. तेथे दिवसाची सौर वीज स्वस्त, तर येथे दुपारनंतरची वीज महाग. त्यामुळे गावाकडून आलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

या घड्याळाला किती महत्त्व द्यावे? योजना सुरू झाली तेव्हा जून ते सप्टेंबर या महिन्यांत महाग व स्वस्त काळांतील फरक युनिटला साडेपाच सेंटांच्या आसपास होता आणि उरलेल्या आठ महिन्यांत दीड सेंटाहूनही कमी. हाच फरक धरून हिशेब करू. कपड्यांच्या ड्रायरची एक फेरी सुमारे तीन युनिटे घेते. ती उन्हाळ्यात रात्री आठला चालविली तर सोळा सेंट वाचतात. जानेवारीत चार-पाच सेंट. उन्हाळ्यात महाग काळात वातानुकूलन यंत्राचा वापर रोज सहा युनिटांनी कमी केला, तर महिन्याला सात डॉलर वाचतात. म्हणजे उन्हाळ्यात तीनच्या आधी घर थोडे अधिक थंड करून घेणे आणि तीन ते सात थर्मोस्टॅट दोन-तीन अंश वर ठेवणे उपयोगी आहे. हिवाळ्यात मात्र डिशवॉशरच्या वेळेवरून घरात वाद घालण्यासारखे त्यात काही नाही.

घड्याळाचा खरा लाभ विजेवर चालणारी मोटार असलेल्या कुटुंबाला होतो. महिन्याला हजार मैल चालणाऱ्या गाडीला सुमारे तीनशे युनिटे लागतात. हे चार्जिंग रात्री व्हावे, अशी वेळ गाडीतच लावून ठेवावी. अशा घरांसाठी डीटीईकडे रात्री अधिक स्वस्त वीज देणारे वेगळे दरही आहेत. वर्षभराच्या तासागणिक वापराचे आकडे कंपनीच्या खात्यावर मिळतात. ते पाहूनच दर बदलावा.

उष्णता कोठून निसटते

नोव्हायच्या घरात ऊर्जेवरील सर्वात मोठा खर्च घर तापविण्याचा असतो, आणि सर्वाधिक बचतही तेथेच शक्य असते. पहिला उपाय थर्मोस्टॅटचा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते दिवसातील आठ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली ठेवल्यास वर्षाच्या तापविण्या-थंडाविण्याच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. सर्वजण कामावर व शाळेत असतील किंवा पांघरुणात असतील, ते हे आठ तास. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. हीट पंप असलेल्या घरात मात्र तापमान फार खाली-वर करू नये, कारण पुन्हा तापविताना महाग पूरक हीटर सुरू होतो.

दुसरा उपाय फटी बुजविण्याचा. गरम हवा वर चढते आणि अॅटिकमधील छिद्रांतून, दिव्यांच्या खाचांतून व अॅटिकच्या झाकणातून बाहेर पडते. तिची जागा घेण्यासाठी थंड हवा खालून, बेसमेंटमधून आत ओढली जाते. बेसमेंटच्या काँक्रीटच्या भिंतीवर जेथे लाकडी तुळया टेकतात, ती सांध बहुतेक घरांत उघडीच असते. गॅरेजच्या वर असलेली झोपण्याची खोली कायम थंड राहते, तिचे कारणही पायाखालच्या पोकळीत असते. फटी बुजवून अॅटिक व बेसमेंटमध्ये योग्य उष्णतारोधक थर दिल्यास तापविण्या-थंडाविण्याच्या खर्चात सरासरी १५ टक्के बचत होते, असा पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. मिशिगनच्या हवामानात अॅटिकमधील थर आर-४९ ते आर-६० इतका असावा. क्रम महत्त्वाचा: आधी फटी, मग थर. खिडक्या बदलणे हा सर्वात महाग उपाय असून केवळ बिलातील बचतीतून त्याची किंमत वसूल व्हायला फार वर्षे लागतात.

फटी नेमक्या कोठे आहेत, हे दारात पंखा बसवून घरातील हवेचा दाब मोजणाऱ्या तपासणीत कळते. २००८ च्या राज्य कायद्यानुसार कंपन्यांना ऊर्जाबचतीचे कार्यक्रम चालवावे लागतात आणि त्यासाठीचा अधिभार प्रत्येक ग्राहकाच्या बिलात असतो. थर्मोस्टॅट, थर देणे किंवा फर्नेस यांवर कंपनीकडून मिळणारा परतावा म्हणजे आपणच भरलेला पैसा आहे. तो मागण्यात संकोच नसावा.

तिसरा उपाय फर्नेसचा. ८० टक्के कार्यक्षमतेची जुनी फर्नेस प्रत्येक डॉलरमधील वीस सेंट धुराड्यातून बाहेर सोडते. ती बदलून ९५ टक्क्यांची बसविल्यास तेवढ्याच उष्णतेसाठी गॅस सुमारे १६ टक्के कमी लागतो. चालू फर्नेस केवळ यासाठी बदलू नये. ती बदलायची वेळ येईल तेव्हा कार्यक्षमता पाहावी. तोवर फिल्टर वेळेवर बदलावा. न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांच्या झडपा बंद केल्याने बचत होते, हा समज चुकीचा आहे. त्याने नळ्यांतील दाब वाढून यंत्रावर ताण येतो.

भाड्याच्या घरात यातील बहुतेक गोष्टी घरमालकाच्या हातात असतात. भाडेकरूने खिडकीला हिवाळी प्लास्टिक लावणे, दाराखालची फट बंद करणे एवढे करावे. आणि करारापूर्वीच मागील बारा महिन्यांची बिले मागावीत. घर गॅसवर तापते की विजेवर, हा प्रश्न भाड्याच्या रकमेइतकाच महत्त्वाचा आहे.

स्वयंपाकघर, गरम पाणी, कपडे

फोडणी आणि तळण यांमुळे मराठी घरात चुलीवरील एक्झॉस्ट बराच वेळ चालतो. मिनिटाला ४०० घनफूट हवा ओढणारा पंखा अर्ध्या तासात १२,००० घनफूट, म्हणजे आठ फूट उंचीच्या दीड हजार चौरस फुटांच्या संपूर्ण मजल्याइतकी तापविलेली हवा बाहेर टाकतो. तेवढीच थंड हवा आत येते. तरीही गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करताना पंखा बंद ठेवू नये, कारण ज्वलनातून निघणारे वायू आरोग्यास अपायकारक असतात. फोडणी व तळणाच्या वेळी तो पूर्ण वेगाने, एरवी मंद वेगाने चालवावा आणि वास गेल्यावर बंद करावा. डाळी भिजवून कुकरला लावणे ही आजीची रीत येथेही गॅस वाचविते. इंडक्शन शेगडी घ्यायची असल्यास भारतातून आणलेले अॅल्युमिनियमचे कुकर तीवर चालत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

पाणी तापविणे हा घरातील दुसरा मोठा ऊर्जाखर्च आहे. हीटर १२० अंश फॅरनहाइटवर ठेवावा. त्याने बचत होते आणि मुलांना भाजण्याचा धोकाही कमी होतो. कपडे थंड पाण्यात धुवावेत. दोरीवर कपडे वाळविण्यास अनेक वसाहतींच्या नियमांत मनाई असे. मिशिगनच्या २०२४ च्या घरमालक ऊर्जा कायद्याने, एप्रिल २०२५ पासून, वसाहत संघटनांना कपड्यांची दोरी, सौर तावदाने, हीट पंप किंवा मोटार चार्जर यांवर सरसकट बंदी घालता येत नाही.

आईवडील हिवाळ्यात आले असता

भारतातून आलेल्या आईवडिलांचा हिवाळ्यातील मुक्काम हा अनेक घरांत थर्मोस्टॅटवरील मतभेदाचा प्रसंग असतो. या ठिकाणी काटकसरीला मर्यादा आहे. वृद्धांच्या शरीराचे तापमान घरातल्या घरातही धोकादायक पातळीवर उतरू शकते. म्हणून त्यांच्यासाठी घर किमान ६८ ते ७० अंशांवर ठेवावे, असे राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेचे मार्गदर्शन आहे. रात्री तापमान दहा अंश उतरविण्याचा उपाय या काळात बाजूला ठेवावा.

आईवडिलांच्या खोलीत विजेचा छोटा हीटर ठेवणे हा सर्रास केला जाणारा उपाय दिसतो तितका स्वस्त नाही. १,५०० वॉटचा हीटर रात्री आठ तास चालला तर बारा युनिटे जळतात. वीस सेंट दराने रोज २ डॉलर ४० सेंट, महिन्याला ७२ डॉलर. तेवढीच उष्णता गॅसच्या फर्नेसने दिली तर खर्च साधारण एक चतुर्थांश ते एक पंचमांश येतो. त्यामुळे एका खोलीसाठी हीटर लावण्यापेक्षा संपूर्ण घर दोन अंश वर ठेवणे पुष्कळदा स्वस्त व अधिक सुरक्षित ठरते. हीटर लावावाच लागला, तर पडदे व पांघरुणे त्यापासून किमान तीन फूट दूर असावीत आणि तो भिंतीतील प्लगलाच जोडावा. ओव्हन उघडा ठेवून घर तापविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असावे.

वीज गेल्यास

२२ फेब्रुवारी २०२३ च्या हिमवादळात डीटीईच्या सहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि अनेक घरे कित्येक दिवस अंधारात राहिली. गॅसची फर्नेसही विजेविना चालत नाही, कारण तिचा पंखा विजेवर फिरतो. त्या वर्षी लागू झालेल्या नियमांनुसार वीज ठराविक काळाहून अधिक गेल्यास ग्राहकाला अर्ज न करता बिलात भरपाई मिळते. सामान्य स्थितीत १६ तास, व्यापक बिघाडात ४८ तास आणि आपत्तीत ९६ तास ही मर्यादा आहे. भरपाई ३५ डॉलरपासून सुरू झाली. महागाईनुसार ती वाढते. बिलात ती आली आहे की नाही, हे तपासावे.

बेसमेंटमधील पाणी उपसणारा सम्प पंप वीज गेल्यावर थांबतो. त्याला बॅटरीची जोड देणे आणि गृहविम्यात सांडपाणी उलटण्याचे संरक्षण वेगळे घेणे यांचा खर्च, भिजलेल्या बेसमेंटच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे. नेहमीच्या गृहविम्यात हे संरक्षण बहुधा नसते.

सौर वीज, अनुदाने व करसवलती

घरगुती सौर यंत्रणेवरील ३० टक्क्यांची आणि ऊर्जाबचतीच्या सुधारणांवरील केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर बसविलेल्या यंत्रणेस ती मिळत नाही. विक्रेत्याच्या जुन्या कोष्टकात ती अजून दिसत असल्यास सावध व्हावे. डीटीईच्या नव्या सौर ग्राहकांना २०१९ पासून जुन्या पद्धतीचे नेट मीटरिंगही मिळत नाही: जाळ्यातून घेतलेली वीज पूर्ण दराने आणि जाळ्यात दिलेली त्याहून कमी दराने मोजली जाते. म्हणून दिवसा घरीच वीज वापरणाऱ्या कुटुंबाला सौर यंत्रणा अधिक परवडते.

राज्याच्या होम एनर्जी रिबेट योजनेत हीट पंप व उष्णतारोधनासाठी अनुदान आहे. मात्र विद्युत उपकरणांवरील अनुदानासाठी कुटुंबाचे उत्पन्न परिसरातील मध्यम उत्पन्नाच्या दीडपटीच्या आत असावे लागते. दोन पगार असलेली अनेक कुटुंबे त्यात बसत नाहीत. एका पगारावर चालणाऱ्या किंवा नुकत्याच आलेल्या कुटुंबाने चौकशी करावी. गॅस स्वस्त असल्याने येथे गॅस फर्नेसऐवजी हीट पंप बसविल्याने बिल कमी होईलच असे नाही. थेट विजेवर किंवा प्रोपेनवर तापणाऱ्या घरात मात्र तो निश्चित फायद्याचा ठरतो.

ऊर्जेपलीकडचा खर्च

घर विकत घेणाऱ्याची सर्वात महाग चूक घरपट्टीच्या बाबतीत होते. १९९४ च्या प्रपोझल ए नुसार करपात्र मूल्य दरवर्षी महागाईच्या दराने किंवा पाच टक्क्यांनी, यांतील जे कमी असेल तेवढेच वाढते. २०२३ आणि २०२४ मध्ये ते कमाल पाच टक्क्यांनी, तर २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांनी वाढले. परंतु घर विकले गेले की पुढील वर्षी ही मर्यादा उठते आणि करपात्र मूल्य बाजारभावाच्या निम्म्यावर येते. पाच लाख डॉलरच्या घराचे जुन्या मालकाचे करपात्र मूल्य दीड लाख असेल, तर नव्या मालकाचे अडीच लाख होते. हजारी ३५ डॉलर कर धरल्यास ५,२५० डॉलरची घरपट्टी ८,७५० होते, म्हणजे महिन्याला सुमारे २९० डॉलरची वाढ. विक्रेत्याची घरपट्टी पाहून हप्ता ठरविणाऱ्यास दुसऱ्या वर्षी धक्का बसतो.

स्वतः राहत असलेल्या घरासाठी मुख्य निवास सवलतीचा अर्ज करणे आवश्यक आहे. तिने शाळांच्या खर्चासाठीचा हजारी १८ डॉलरपर्यंतचा कर माफ होतो. वरील उदाहरणात ही रक्कम ४,५०० डॉलर होते. उन्हाळी करासाठी १ जून आणि हिवाळी करासाठी १ नोव्हेंबर या अर्जाच्या मुदती आहेत. मूल्यांकन चुकीचे वाटल्यास मार्चमध्ये भरणाऱ्या पुनर्विचार मंडळापुढे दाद मागता येते.

नोव्हायचे पाणी ग्रेट लेक्स वॉटर अथॉरिटीकडून येते. डेट्रॉइटच्या दिवाळखोरीनंतर स्थापन झालेली ही संस्था २०१६ पासून कार्यरत आहे. सांडपाण्याचा आकार पाण्याच्या वापरावरून लावला जातो, म्हणून गळणारा फ्लश दोनदा पैसे घेतो. टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून अर्ध्या तासाने भांड्यात रंग दिसला, तर झडप बदलावी. वाहन विम्यात २ जुलै २०२० पासून वैद्यकीय संरक्षणाची पातळी निवडता येते; ती कमी करून हप्ता वाचविण्याआधी आपला आरोग्यविमा अपघातातील उपचारांचा खर्च देतो की नाही, याची लेखी खात्री करावी.

बिल भरणे अवघड झाल्यास

एच-१बी व्हिसावरील नोकरी गेल्यास नवी नोकरी शोधण्यासाठी कमाल साठ दिवस मिळतात, आणि नोकरकपात हिवाळ्यात झाली तर मोठी बिलेही त्याच काळात येतात. थकबाकी होण्यापूर्वीच कंपनीला दूरध्वनी करून हप्ते बांधून घ्यावेत. वर्षाचा खर्च बारा समान भागांत वाटणारी योजना दोन्ही कंपन्यांकडे आहे. तिने खर्च कमी होत नाही, पण जानेवारीचा भार हलका होतो. ही व्यवस्था ग्राहक व कंपनी यांच्यातील करार आहे, सरकारी मदत नव्हे. सरकारी ऊर्जा साहाय्य मात्र स्थलांतराच्या दर्जावर अवलंबून असते. ते घेण्यापूर्वी स्थलांतर वकिलाचा सल्ला घ्यावा. २११ या क्रमांकावर स्थानिक मदतीची माहिती मिळते, आणि १९८५ पासून काम करणारी द हीट अँड वॉर्म्थ फंड ही संस्था मिशिगनमधील अडचणीतील कुटुंबांना बिलासाठी साहाय्य करते.

क्रम

ज्या कुटुंबाला एकाच वर्षात सर्व करणे शक्य नाही, त्याने पुढील क्रम पाळावा. सप्टेंबरमध्ये मागील बारा महिन्यांचे वापराचे आकडे एका कागदावर मांडावेत, थर्मोस्टॅटचे वेळापत्रक लावावे आणि फर्नेसची तपासणी करून घ्यावी. ऑक्टोबरमध्ये बेसमेंटची सांध आणि अॅटिकचे झाकण बुजवावे. मुख्य निवास सवलतीचा अर्ज राहिला असल्यास १ नोव्हेंबरपूर्वी द्यावा. हिवाळ्यात पाहुणे येणार असतील, तर त्या महिन्यांचा वाढीव गॅस आधीच अंदाजपत्रकात धरावा. मार्चमध्ये घराचे मूल्यांकन तपासावे. जूनच्या आरंभी दुपारी तीन ते सातचे घड्याळ वातानुकूलनाला लावून द्यावे. अॅटिकचा थर, फर्नेस आणि सौर यंत्रणा हे मोठे खर्च, किमान एका संपूर्ण वर्षाचे आकडे हाती आल्यावर, त्याच क्रमाने विचारात घ्यावेत.